बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र
घर अथवा अन्य इमारत बांधण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाकडून घ्यावयाची लेखी अनुमती म्हणजे बांधकाम परवानगी. बांधून झालेली इमारत मंजूर नकाशांनुसार असून वापरास योग्य आहे, असा त्याच प्राधिकरणाने दिलेला दाखला म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. परवानगीने कागदावरील आराखडा मान्य होतो, तर प्रमाणपत्राने प्रत्यक्ष वास्तू मान्य होते.

मुंबईतील बांधकामांचे नियमन प्रामुख्याने १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने होऊ लागले. १८९६ मध्ये उद्‌भवलेल्या प्लेगच्या साथीमुळे दाट वस्तीतील कोंदट व अंधाऱ्या घरांचे धोके स्पष्ट झाले आणि १८९८ मध्ये शहर सुधार न्यास स्थापन करण्यात आला. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यासाठी नगररचनेचा कायदा झाला. सध्या राज्यात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यासाठी २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली.

कार्यपद्धती : मालकीचा पुरावा (सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका), मोजणी नकाशा आणि वास्तुशास्त्रज्ञाने किंवा परवानाधारक अभियंत्याने तयार केलेले नकाशे अर्जासोबत सादर करावे लागतात. जमिनीचा अनुज्ञेय वापर, चटई क्षेत्र निर्देशांक, इमारतीची उंची, सामासिक अंतरे, रस्त्याची रुंदी इ. बाबी तपासून प्रारंभ प्रमाणपत्र दिले जाते. १९६६ च्या अधिनियमानुसार साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. मात्र प्रस्ताव नियमांशी सुसंगत असावा लागतो. परवानगीची मुदत प्रारंभी एक वर्षाची असून ती वाढवून घेता येते. मुंबईत प्रथम आय.ओ.डी. दिली जाते. शब्दार्थाने ही ‘नापसंतीची सूचना’ असली, तरी व्यवहारात ती सशर्त मंजुरी होय. तीतील अटींची पूर्तता झाल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. लहान भूखंडांसाठी २०२० च्या नियमावलीत ही पद्धत सुलभ केली आहे.

जोते पूर्ण झाल्यावर करावयाची तपासणी महत्त्वाची असते. इमारतीची जागा व सामासिक अंतरे याच टप्प्यावर निश्चित होतात. नंतर आढळलेली चूक बहुधा पाडकामाशिवाय दुरुस्त होत नाही. मंजूर नकाशांत बदल करावयाचा असल्यास सुधारित परवानगी घ्यावी लागते. काम संपल्यावर पूर्णत्वाचा अहवाल आणि अग्निशमन, संरचनात्मक स्थैर्य, जलनिःसारण इत्यादींचे आवश्यक दाखले सादर केल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळते.

परिणाम : विनापरवाना किंवा परवानगीविरुद्ध केलेले बांधकाम काढून टाकण्याची नोटीस प्राधिकरण देऊ शकते, असे बांधकाम हा अपराधही आहे. ठाण्याजवळील शिळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. खालच्या काही मजल्यांवर कुटुंबे राहत असतानाच तिचे वरचे मजले चढविले जात होते.

नियमभंग बहुधा बांधणारा करतो. त्याची झळ मात्र राहणाऱ्यास लागते. प्रवर्तक सदनिका विकून मोकळा होतो आणि भोगवटा प्रमाणपत्राअभावी पाणीजोडणी, कर्ज, पुनर्विक्री यांतील अडचणी सदनिकाधारकांच्या वाट्यास येतात. म्हणूनच १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमाने पूर्णत्वाच्या दाखल्यापूर्वी ताबा देण्यास प्रवर्तकास व तो घेण्यास ग्राहकासही मनाई केली. केंद्रीय स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने प्रकल्पाच्या मंजुऱ्या जाहीर करण्याचे बंधन प्रवर्तकावर घातले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मधील एका निर्णयात, प्रमाणपत्रानंतरच ताबा, वीज व पाणीजोडणी देण्याचे आणि बँकांनी ते पाहूनच कर्ज देण्याचे निर्देश दिले.

घर विकत घेणाऱ्याने केवळ मंजूर नकाशा पाहणे यासाठी पुरेसे नाही. प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांपर्यंत आहे आणि भोगवटा प्रमाणपत्र संपूर्ण इमारतीचे आहे की तिच्या काही भागाचेच, हेही पाहणे आवश्यक असते.