आधी धूर बघा

मृगाचा पाऊस होऊन रानात वाफसा आला होता आणि आमचा ट्रॅक्टर सुरू होत नव्हता. भाईजान सेल्फ मारत होते. इंजिन गरगर फिरे, पण पेट घेईना. एकानं सांगितलं, ‘पंप गेला.’ पंप उतरवला, नळदुर्गहून सोलापूरला नेला. दोन दिवस गेले आणि पंप चांगला निघाला! खोट होती डिझेलच्या नळीच्या जोडातल्या एका झिजलेल्या वॉशरची. तोवर रान वाळलं. पेरणी पुढच्या पावसावर गेली.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनाचं तत्त्व आजही तेच आहे. सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच. सिलिंडरमधली हवा १६-१७ पट दाबली, की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. इंजिन हळू फिरलं तर ही उष्णता निसटून जाते. म्हणून आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघावीत.

इंजिन जोरात फिरतंय, पण सायलेन्सरमधून धूरच नाही? मग डिझेल पोचत नाही. टाकीचा कॉक उघडा आहे का? इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना? हसू नका, असं होतं. फिल्टरमध्ये पाणी, गाळ बघा. मग राहते नळीत शिरलेली हवा. आमचं दुखणं तेच होतं. डिझेल दबत नाही, हवा दबते. पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. फेस थांबून नितळ डिझेल आलं, की स्क्रू आवळावा. पण जोड तसाच गळका राहिला, तर हवा पुन्हा शिरणारच. चालू इंजिनाच्या नोझलच्या नळीची गळती मात्र बोटानं कधी चाचपू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. तसं झालं तर तडक दवाखाना गाठावा.

पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. थंडीच्या सकाळी हे चालायचंच. तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटू लागलं, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. काळा धूर म्हणजे डिझेलला हवा कमी पडते. आपल्याकडच्या धुळीत बहुतेकदा एअर फिल्टरच तुंबलेला असतो. निळा धूर आला, की इंजिन ऑइल जळतंय. रिंगा झिजल्या असतील.

आणखी एक गंमत. ट्रॅक्टर नीट चालतो आणि तासाभरानं नांगराखाली दम टाकतो. तेव्हा टाकीचं झाकण सैल करून बघा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला, तर झाकणाचं भोक चिखलानं बुजलंय.

एवढं सगळं पाहूनही इंजिन रुसलेलंच राहिलं, तर मग पंप उतरवा. पण त्याचं सील गावात तोडू नका. त्याची तपासणी पंपाच्या खास यंत्रावरच होते.