तेलाने न हटणारा कोंडा

गर्द रंगाच्या सदऱ्याच्या खांद्यावर पांढरा भुगा दिसू लागला, की आपल्याकडे घरोघर एकच निदान होते आणि एकच इलाज सुचविला जातो : डोके कोरडे पडले आहे, तेव्हा रात्री कोमट खोबरेल चांगले जिरवावे आणि सकाळी न्हावे. या सल्ल्यामागे आई-आजीची पिढ्यान्‌पिढ्यांची माया असल्यामुळे त्याला चूक म्हणताना मन कचरते; परंतु ज्याला वर्षानुवर्षे कंड सुटते, जो चारचौघांत संकोचून बसतो आणि ज्याला वर ‘जरा स्वच्छता ठेवीत जा’ असा उपदेशही निष्कारण ऐकावा लागतो, त्याच्या हितासाठी हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे, की कोंडा हा अस्वच्छतेचा पुरावा नव्हे, आणि बहुधा तो कोरडेपणाचाही परिणाम नव्हे.

प्रत्येक निरोगी माणसाच्या मस्तकावर एका सूक्ष्म बुरशीची कायमची वस्ती असते. 1874 साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, आणि पुढे त्यांच्याच नावावरून तिला मॅलासेझिया म्हणू लागले. 2007 साली तिच्या एका प्रमुख जातीच्या जनुकांचे वाचन पुरे झाले, तेव्हा असे आढळले की स्वतःला लागणारी मेदाम्ले घडविण्याची यंत्रणाच तिच्या ठायी नाही. आपल्या तैलग्रंथींतून पाझरणाऱ्या स्निग्ध द्रव्यावर तिचा सारा निर्वाह चालतो. प्रयोगशाळेत तिची वाढ करावयाची तर पोषकद्रव्यात तेल, पुष्कळदा ऑलिव्हचे तेल, घालावे लागते, ही एकच गोष्ट आपल्या तेलाच्या वाटीविषयी पुरेसे सांगून जाते.

ही बुरशी त्या स्निग्ध द्रव्याचे विघटन करून त्यातील संपृक्त मेदाम्ले स्वतः खाते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त आम्ले त्वचेवर सोडून देते. ज्यांच्या त्वचेचा वरचा पडदा या आम्लाला वाट देतो, त्यांच्या मस्तकाचा दाह होतो, आणि एरवी सुमारे महिन्याभरात वर येऊन नकळत गळणाऱ्या पेशी घाईने, अर्ध्याकच्च्या, एकमेकींना चिकटलेल्या अशा बाहेर पडू लागतात. त्यांच्याच या खपल्या. संशोधकांनी जेव्हा हे आम्ल मुद्दाम मस्तकावर लावून पाहिले, तेव्हा कोंड्याची प्रवृत्ती असलेल्यांना खपल्या आल्या, इतरांना आल्या नाहीत. एकाच घरात, एकाच साबणाने न्हाणाऱ्या दोन भावांपैकी एकालाच कोंडा का होतो, याचा उलगडा येथे होतो. त्यात त्या बिचाऱ्याचा कसलाही अपराध नसतो. तैलग्रंथी यौवनारंभी जाग्या होतात, म्हणून हा विकारही प्रायः त्याच वयात डोके वर काढतो.

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘दारुणक’ नावाचा जो विकार वर्णिला आहे, त्यात कंडू आणि केशभूमीची रूक्षता ही लक्षणे सांगितली आहेत. ते निरीक्षण अचूक आहे, कारण खपल्या दिसतात रूक्षच. मात्र त्या रूक्षतेवर आणखी तेलाची भर घालणे म्हणजे बुरशीला शिधा पुरविणे होय. यावरून खोबरेल अजिबात वर्ज्य आहे असे मात्र नव्हे. ते केसांत शिरून त्यांची झीज कमी करते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. तेव्हा कोंडा असणाऱ्याने ते केसांच्या लांबीला लावावे, मुळांशी चोळू नये, आणि त्याच दिवशी धुऊन टाकावे.

खरा इलाज बुरशीला आवर घालण्याचा. 2 टक्के केटोकोनाझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, असे दोन ते चार आठवडे वापरावा, आणि पुढे आठवड्या-पंधरवड्याने एकदा वापरीत राहावे, ही सर्वमान्य तजवीज आहे. झिंक पायरिथिऑन व सेलेनियम सल्फाइड हीही उपयुक्त औषधे आहेत. खपल्यांचे थर जाड असतील तर सॅलिसिलिक आम्ल ते सैल करते. परंतु औषध कोणतेही असो, ते केसांवर फेसाळून लगेच धुऊन टाकले तर पैसे वाया गेले असेच समजावे. ते त्वचेला लागले पाहिजे आणि तीन ते पाच मिनिटे तेथे राहिले पाहिजे. कोंड्याचा कायमचा निकाल लागत नाही, त्याचा बंदोबस्त तेवढा करता येतो, हे आधीच ठाऊक असले म्हणजे तो महिन्याभराने परतल्यावर निराशा पदरी येत नाही. शिकेकाई व रिठा तेलकटपणा काढतात, पण बुरशीच्या बाबतीत त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. खाजवून सोललेल्या त्वचेवर लिंबू पिळण्याचा प्रघात तर सोडूनच द्यावा.

प्रत्येक खपली ही कोंड्याचीच असते असेही नाही. केसाला घट्ट चिकटून बसलेला, बोटाने सरकविता न येणारा पांढरा कण बहुधा लीख असतो. केसांच्या सीमेबाहेर कपाळापर्यंत पसरलेले जाड, चंदेरी थर, विशेषतः कोपर-गुडघ्यांवरही तसेच चट्टे असतील तर, सोरायसिसचे असू शकतात. आणि शाळकरी मुलाच्या डोक्यावर खपल्यांबरोबर केस तुटून जागोजागी विरळ चट्टे पडले असतील, तर तो गजकर्णाचा प्रकार असण्याचा संभव फार असतो. त्याला शाम्पू पुरत नाही, पोटात औषध घ्यावे लागते, आणि हयगय झाल्यास त्या जागी पुन्हा केस न येण्याची भीती असते. अशा मुलाला तेल चोपडून वाट पाहू नका. त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा.