नाव घेणारे आणि नाव झाकणारे

बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला पोलीस ठाणं आहे. तिथे फिर्याद लिहून घेतात, पंचनामा होतो, तपास सुरू होतो. पण मराठवाड्यातल्या खेड्यांत गळ्यातली पोत गेली, गोठ्यातला बैल गेला, की ठाण्याच्या आधी देवरुष्याची ओसरी गाठायची रीत जुनी आहे. ठाण्यातला माणूस विचारतो, संशय कुणावर? देवरुष्याकडे जाणाऱ्याला वाटतं, ते त्यानंच सांगावं.

आणि तो सांगतोही. समोर तांदळाचे दाणे मांडलेले असतात, उदाचा धूर असतो, कधी अंगात आलेलं असतं. पण नजर आलेल्या माणसांवर असते. कोण आधी बोलतं, कुणाचं नाव निघालं की म्हातारी पदर सावरते, सोबत आलेला दीर एवढा गप्प का. पंचक्रोशीतली बांधाची भांडणं, वाटण्या, उसनवारी त्याला पाठ असतात. ‘माणूस लांबचं नाही, उंबऱ्याच्या आतलंच’ एवढं तो म्हणाला की काम अर्धं झालं, कारण घरातला माल बऱ्याचदा ओळखीच्याच हातानं गेलेला असतो.

या सगळ्यांना मी सरसकट भोंदू म्हणणार नाही. काहींचं असं होतं की लहानपणापासून त्यांना दुसऱ्याचं दुखणं चटकन जाणवतं. घरात ताण असला की मूल चेहरे वाचायला शिकतं. पुढे दोन-चार अंदाज बरोबर येतात, लोक म्हणू लागतात, ‘ह्याला कळतंय.’ फसलेले अंदाज कुणी लक्षात ठेवत नाही. तोही ठेवत नाही. मग गावाचा विश्वास त्याचा स्वतःचाच विश्वास होऊन बसतो. दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची चांगली देणगी अशी हळूहळू दैवी ठरते, आणि दैवी ठरली की तिला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही.

मंतरलेल्या तांदळाची परीक्षा घ्या. संशयितांना कोरडे तांदूळ चघळून थुंकायला लावायचे. ज्याचे कोरडे राहतील तो चोर. भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, ही गोष्ट खरीच आहे. पण आळ आलेला निरपराध सालगडी खऱ्या चोराहूनही जास्त भ्यालेला असतो.

गावगाड्यात शोधाची दुसरीही एक विद्या होती, जागल्याची. चोराच्या पावलांचा माग काढत तो शिवेपर्यंत जायचा. माग पुढच्या गावात शिरला की जबाबदारी त्या गावाची. पाऊल कुठल्या पायावर जास्त दाबलं आहे, ओझं घेतलेलं आहे की रिकामं, हे तो क्षणात सांगे. पाहणाऱ्याला ती सिद्धी वाटावी. पण माग चुकला तर ते शिवेवरच उघडं पडत असे. अंतःप्रेरणेवर आयुष्यभर काम केलेले डॅनियल काहनमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ एकमेकांचे वैचारिक विरोधक. 2009 साली दोघांनी मिळून निबंध लिहिला. त्याचं सार असं, की अंदाजावर भरवसा ठेवावा तो दोन अटींवर: ज्या गोष्टीचा अंदाज बांधायचा तिच्यात काही नियमितपणा हवा, आणि चूक झाली तर ती कळायला हवी. जागल्याला या दोन्ही अटी लागू पडतात. देवरुष्याला दुसरी लागू पडत नाही.

अंदाज आणि त्याचा पडताळा यांची जोडी पोलीस तपासातही दिसते. मुंबईत 1968 साली रामन राघवच्या खुनांनी झोपडपट्ट्यांची झोप उडवली होती. 27 ऑगस्टला फौजदार अ‍ॅलेक्स फियाल्हो यांची नजर रस्त्यातल्या एका माणसावर खिळली. संशयिताचा फोटो त्यांनी पाहिलेला होता. शिवाय त्या माणसाच्या हातातली छत्री ओली होती आणि त्या भागात पाऊस नव्हता. आत काहीतरी टोचलं, म्हणून त्यांनी हटकलं. पण माणूस तोच, हे पक्कं केलं बोटांच्या ठशांनी. पुढे तो बोलेना. तपासाचे प्रमुख होते रमाकांत कुलकर्णी. राघवला हवं होतं ते कोंबडीचं जेवण दिलं, तेव्हा कुठे तो बोलता झाला. समोरच्याला काय हवं आहे हे ओळखणं हीसुद्धा तपासाचीच कला.

हेच कुलकर्णी पुढे बीडशेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मानवतला आले. 1972 ते 1974 या काळात तिथे लहान मुली आणि बायांचे एकामागून एक खून पडले. पिंपळाखालचं गुप्तधन आणि त्याची राखण करणारा मुंजा, अशी कथा त्या खुनांमागे तपासात पुढे आली. न दिसणारं आपल्याला दिसतं, हा दावा इथे शोधाच्या बाजूला नव्हता. गुन्ह्याचं मूळच तो होता.

परदेशात तर अशा दावेदारांना पोलिसांनी रीतसर तपासून पाहिलं आहे. लॉस एंजेलिस पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ मार्टिन रायझर यांनी 1979 साली बारा जणांची परीक्षा घेतली. तपासाला उपयोगी पडेल असं काही हाती आलं नाही. हॉलंडचा गेरार्ड क्रोइझे एवढा गाजलेला, की 1966 साली हरवलेल्या तीन भावंडांसाठी त्याला ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला नेलं. त्यानं दाखवलेली गोदामाची जमीन पुढे खणली गेली. काही सापडलं नाही. अमेरिकेत सिल्व्हिया ब्राऊननं 2004 साली टीव्हीवर एका बेपत्ता मुलीच्या आईला सांगितलं, तुमची अमांडा जिवंत नाही. आई 2006 साली वारली. अमांडा बेरी 2013 साली जिवंत सुटून आली.

त्याच 2013 साली, 20 ऑगस्टच्या सकाळी, पुण्यात ओंकारेश्वर पुलावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. वटहुकूम निघाला खुनानंतर चौथ्या दिवशी आणि डिसेंबरात कायदा झाला. पुढच्या वर्षी ‘आउटलुक’ साप्ताहिकानं खळबळजनक वृत्त छापलं: मारेकरी शोधण्यासाठी पुणे पोलिसांनी प्लँचेटची, म्हणजे आत्म्याला बोलावण्याच्या प्रयोगाची, मदत घेतली. तत्कालीन आयुक्त गुलाबराव पोळ यांनी ते साफ नाकारलं. तपास उच्च न्यायालयानं सीबीआयकडे दिला आणि 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप सुनावली, तिघांना निर्दोष सोडलं. प्लँचेटचं खरं असो वा खोटं, एक गोष्ट उघड आहे: आत्म्याची उलटतपासणी घेता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 27, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 23, पोलीस कोठडीतल्या आरोपीच्या बोलण्यालाही मोल देतं ते त्यातून प्रत्यक्ष काही सापडलं तेवढ्यापुरतंच.

सहानुभूतीनं गुन्हेगार शोधण्याचा मला सापडलेला सर्वांत अस्सल नमुना मात्र याच मुलखातला आहे, आणि तो दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांचा आहे. भानामती मराठवाड्याला नवी नाही. घरात दोरीवरचे कपडे पेटतात, छपरावर दगड पडतात, भाकरीत केस निघतात, पोरीच्या दंडावर फुल्या उमटतात. गाव जमतं, देवरुषी येतो, आणि तो नाव घेतो: बहुतेक वेळा एखाद्या एकट्या म्हातारीचं, किंवा जिच्याशी भाऊबंदकी आहे त्या जावेचं. तिथून पुढे मारहाण, वाळीत टाकणं, गाव सोडणं.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा कार्यकर्ता घरात जातो तो एक गृहीत धरून: हे माणूस करतं, आणि करणारं याच घरात किंवा घराशेजारी आहे. आधी घटनांची जंत्री. कधी पेटलं, तेव्हा कोण कुठे होतं, काय एकट्यादुकट्यानं पाहिलं आणि काय सगळ्यांसमक्ष घडलं. फुल्या बहुधा बिब्ब्याच्या असतात. बिब्ब्याचं तेल लागलं की कातडी काळी पडते, फोड येतो. एवढ्यानं रीत कळते, माणूस कळत नाही. त्यासाठी घरातल्या एकेकाशी एकांतात बसायचं. इथे कार्यकर्ता देवरुष्याचंच काम करत असतो: चेहरा वाचतो, गप्पपणा ऐकतो, सगळ्यांनी बोलून झाल्यावर जी बोललीच नाही तिच्यापाशी थांबतो. बऱ्याचदा समोर असते शाळा सुटलेली, लग्न ठरवलेली मुलगी, किंवा सासरी कोंडलेली सून. तिचं दुखणं कुणी ऐकलेलं नसतं, आणि पेटलेलं लुगडं मात्र अख्खं गाव बघायला येतं. ती बोलते, रडते. तिला शब्द दिला जातो की हे आजपासून थांबलं तर नाव बाहेर जाणार नाही. भानामती थांबते. गरज असेल तर उपचाराची वाट दाखवली जाते. केज तालुक्यातल्या माणसाला त्यासाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळचं.

गावाला हे पुरत नाही. चावडीवर कार्यकर्त्यांना घेराव पडतो: तुम्हाला कळलंय ना, मग नाव सांगा. ते सांगत नाहीत. ज्या म्हातारीवर आळ होता तिच्यावरचा डाग पुसायचा तर खरं नाव उघड करायला नको का, असा सवालही कुणी करतो, आणि तो सोपा नाही. कार्यकर्ते सभेत हात उंचावून एवढंच सांगतात की करणी-भानामती असं काही नसतं, म्हातारी निर्दोष आहे, आणि घरातलं जे माणूस होतं ते आता करणार नाही. म्हातारीच्या दारात त्यानंतर कोण किती दिवसांनी पाणी मागायला जातं, हे ज्या त्या गावावर असतं.