लस्टर मृत्पात्री : कला व कारागिरी चळवळीतील

झिलई दिलेल्या मृत्पात्रांवर धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा थर बसवून तांबूस, सोनेरी वा रुपेरी झळाळी आणण्याची तंत्रपद्धती. नवव्या शतकात इराकमध्ये ती मृत्पात्रांवर वापरात आली व पुढे ईजिप्त, इराण, स्पेन आणि इटली येथे विकसित झाली. इंग्लंडमधील तिच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय मुख्यत्वे विल्यम द मॉर्गन (१६ नोव्हेंबर १८३९–१५ जानेवारी १९१७) याला दिले जाते. मदुराई येथे जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस द मॉर्गन यांचा तो मुलगा. चित्रकाचेचे काम करताना रुप्याच्या रंजकामुळे काचेवर उमटणारी झळाळी त्याच्या दृष्टीस पडली व तीच मातीच्या भांड्यांवर आणण्याचा त्याने ध्यास घेतला. लंडनमधील राहत्या घरातील भट्टीने छप्पर पेटले, तेव्हा त्याला चेल्सी भागात बिऱ्हाड हलवावे लागले (१८७२).

प्रथम भांडे भाजून त्याला झिलई देतात व ते पुन्हा भाजतात. त्यावर रुपे वा तांबे यांची संयुगे मातीत कालवून नक्षी रंगवितात. तिसरी भाजणी सौम्य आचेची असते. झिलई किंचित मऊ होताच भट्टीत धूर कोंडतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड संयुगांतील ऑक्सिजन काढून घेतो आणि शुद्ध धातू झिलईच्या पृष्ठभागात रुततो. थंड झाल्यावर वरची माती पुसली, की झळाळी प्रकट होते. धूर अपुरा पडल्यास ती उमटत नाही, अधिक झाल्यास काळवंडते. त्यामुळे नासाडी फार होई. स्टॅफर्डशरच्या कारखान्यांतील स्वस्त ‘लस्टर’ भांडी याहून सर्वस्वी वेगळी. त्यांवर सोने वा प्लॅटिनम यांचा द्रव लेप साध्या भट्टीत भाजीत.

विल्यम मॉरिस हा द मॉर्गनचा मित्र. १८८२ मध्ये द मॉर्गनने आपली कर्मशाळा मॉरिसच्या शेजारी मर्टन ॲबी येथे नेली. मोर, मासे, सर्प, गलबते व काल्पनिक श्वापदे हे त्याचे आवडते विषय. आराखडे त्याचे असले, तरी रंगकाम बहुधा चार्ल्स व फ्रेड पॅसेंजर यांसारखे कारागीर करीत. कल्पक आणि कारागीर एकच असावा, या चळवळीतील आग्रहाशी हे तितकेसे जुळत नाही. पद्धती मात्र त्याने गुप्त ठेवली नाही. १८९२ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्‌समधील व्याख्यानात ती विशद केली. वास्तुविशारद हॅल्सी रिकार्डो याच्या भागीदारीत १८८८ पासून फुलॅम येथे चाललेला कारखाना आतबट्ट्याचाच ठरला व १९०७ मध्ये बंद पडला. तत्पूर्वी जोसेफ व्हान्स (१९०६) ही त्याची कादंबरी गाजली होती. मृत्पात्रांनी न दिलेला पैसा त्याला लेखनाने मिळवून दिला. मँचेस्टरजवळील पिल्किंग्टन कारखान्यात विल्यम बर्टन व गॉर्डन फॉरसाइथ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी लस्टरचे काम पुढे नेले. द मॉर्गनची अनेक पात्रे व फरश्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहेत.