कोणत्या वर्गातले?

वाचण्याआधी: तुमच्या घरी संध्याकाळच्या जेवणाला इंग्रजीत काय म्हणतात? टी, डिनर की सपर? तुमचं उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढे लागेल.

मराठीत ‘वर्ग’ हा शब्द फार कामाचा आहे. आपण शिकायला एकत्र येतो, तो वर्ग. गणितात पाचाचा वर्ग पंचवीस. रेल्वेत पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग. आणि समाजाचेही वर्ग असतात: कामगारवर्ग, मध्यमवर्ग, श्रीमंत वर्ग. आज आपण या शेवटच्या वर्गाबद्दल वाचणार आहोत.

कोण कोणत्या वर्गातलं, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. तरीही लोक ते पटकन ओळखतात, किंवा ओळखलं असं समजतात. कशावरून? रोजच्या छोट्या छोट्या खुणांवरून.

ब्रिटनमधल्या खुणा

आता तुमचं वहीतलं उत्तर बघा. उत्तर इंग्लंडमधल्या अनेक कामगार कुटुंबांत दुपारचं जेवण म्हणजे ‘डिनर’ आणि संध्याकाळचं म्हणजे ‘टी’. दक्षिणेतल्या मध्यमवर्गीय घरांत दुपारी ‘लंच’ आणि रात्री ‘डिनर’ किंवा ‘सपर’. जेवण तेच, पण नावावरून ऐकणारा अंदाज बांधतो.

अॅलन रॉस नावाच्या भाषेच्या अभ्यासकाने १९५४ मध्ये अशा शब्दांवर एक लेख लिहिला. पुढच्या वर्षी लेखिका नॅन्सी मिटफर्ड यांनी तो विषय सगळ्या देशात गाजवला. जेवताना हात पुसायच्या कापडाला उच्च वर्गातले लोक ‘नॅपकिन’ म्हणत, बाकीचे ‘सर्व्हिएट’. उच्च वर्गातले ‘लॅव्हेटरी’ म्हणत, बाकीचे ‘टॉयलेट’. गंमत बघा: ‘सर्व्हिएट’ आणि ‘टॉयलेट’ हे फ्रेंचमधून आलेले, ऐकायला भारी वाटणारे शब्द. पण जुन्या श्रीमंत घराण्यांना भारी वाटायची गरजच नव्हती! म्हणून ती साधे शब्द वापरत राहिली.

घरावरूनही अंदाज बांधतात. घर भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतलं आहे, एका बाजूने जोडलेलं आहे की चारही बाजूंनी मोकळं आहे? काउन्सिलचं आहे की स्वतःचं? शाळेचंही तसंच. इंग्लंडमध्ये शंभरातली साधारण सहा-सात मुलं फी भरून खाजगी शाळेत जातात. त्यातल्या काही जुन्या शाळांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात. १४४० मध्ये सुरू झालेलं ईटन हे त्यातलंच एक. नाव ‘पब्लिक’, पण फी मात्र सगळ्यांना परवडणारी नाही.

मग वर्ग म्हणजे फक्त पैसा का? नाही. बीबीसी आणि काही समाजशास्त्रज्ञांनी मिळून एक मोठी पाहणी केली. १ लाख ६० हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. त्यांना तीन गोष्टी विचारल्या होत्या: पैसा किती आहे, ओळखी कोणाकोणाशी आहेत आणि आवडीनिवडी काय आहेत. त्यावरून २०१३ मध्ये ब्रिटनच्या समाजाचे सात वर्ग मांडले गेले. म्हणजे तुमच्या बाबांच्या मित्रांमध्ये वकील आहे की ट्रकचालक, हेही वर्ग ठरवताना मोजलं गेलं.

महाराष्ट्रातल्या खुणा

महाराष्ट्रातही घर बोलतं. चाळ, वन रूम किचन, टू बीएचके, बंगला: यातला एक शब्द ऐकला की समोरचा मनात हिशेब करतो. मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे डबे एकाच गाडीला असतात. दोन्ही डबे एकाच वेळी पोचतात. तिकिटाच्या दरात मात्र खूप फरक असतो.

काही खुणा सरकारच देतं. १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांची रेशनकार्डं आहेत. वर्षाला १५ हजार रुपयांपर्यंत कमावणाऱ्या कुटुंबाला पिवळं, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी आणि त्याहून वर पांढरं, अशी मर्यादा तेव्हा ठरली. हे कार्ड फक्त दुकानात धान्य घ्यायला लागत नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून ते अनेक ठिकाणी दाखवावं लागायचं. म्हणजे कार्ड पुढे केलं की घरची परिस्थिती रंगावरूनच कळायची.

शाळेचं माध्यम ही आणखी एक खूण. मी मराठी माध्यमात शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. (२००० पासून ते पहिलीपासून शिकवतात.) कॉलेजात गेल्यावर मराठी माध्यमातल्या मुलांना काही जण ‘व्हर्नी’ म्हणत. ‘व्हर्नाक्युलर’ या शब्दाचं ते छोटं रूप. गणित येतं की नाही हे कळायच्या आत, इंग्रजी उच्चारावरून मुलाची किंमत ठरायची.

आणि मराठी बोलतानाही तेच होतं. कुणी ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ म्हणालं, ‘होतं’ ऐवजी ‘व्हतं’ म्हणालं, की काही लोक हसतात. ‘अशुद्ध बोलतो’ म्हणतात. शाळेत आणि पुस्तकात वापरतात ती प्रमाण भाषा. ती शिकायला हवी, कारण सगळ्यांना कळते. पण ‘शुद्ध’ म्हणजे स्वच्छ. मग बाकीच्या बोली काय अस्वच्छ आहेत? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी खानदेशातल्या आपल्या बोलीत कविता रचल्या. आज त्याच कविता शाळेच्या पुस्तकांत आहेत.

इथे जातीचा विषयही येतो. जात आणि वर्ग एकच नाहीत, पण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. तुम्ही नाव सांगितल्यावर कुणी लगेच ‘आडनाव काय?’ असं विचारलं, तर कधीकधी त्या प्रश्नामागे जात जाणून घ्यायची इच्छा असते.

‘तू’ की ‘तुम्ही’?

आता व्याकरणातली एक खूण बघू. सुट्टीत तुम्ही पुण्याला किंवा नागपूरला नातेवाइकांकडे जाता. सकाळी भांडी घासायला एक बाई येतात. वय पन्नास-पंचावन्न. घरातला दहा वर्षांचा मुलगा त्यांना म्हणतो, “ए, माझा डबा कुठे ठेवलास?” तोच मुलगा शेजारच्या काकूंना म्हणतो, “काकू, तुम्ही कधी आलात?” दोघींचं वय सारखंच. मग क्रियापद का बदललं?

काही घरांत त्या बाईंचा चहाचा कपही वेगळा असतो. तो बाकीच्या कपांबरोबर ठेवत नाहीत. काही घरांत मात्र मुलं त्यांना ‘मावशी’ म्हणतात, ‘तुम्ही’ म्हणतात, आणि चहा सगळ्यांच्या कपातूनच देतात. पण आपुलकीच्या शब्दाबरोबर महिन्याचा पगार वेळेवर आणि हक्काची सुट्टीही द्यावी लागते. नुसतं ‘मावशी’ म्हणून भागत नाही.

तुम्ही मराठी शिकताय. चुकून आजोबांना ‘तू’ म्हणालात, तर सगळे हसतील आणि सोडून देतील. पण कुणाला ‘तुम्ही’ म्हणायचं हे तुम्हीच ठरवता. काम करणाऱ्या बाईंना, रिक्षावाल्या काकांना, वॉचमनला ‘तुम्ही’ म्हणालात तर ती चूक होणार नाही.

कोरियात काय?

तुमच्यापैकी अनेक जण कोरियन मालिका बघतात. कोरियात तरुण लोक चमच्यांवरून वर्ग सांगतात. श्रीमंत घरात जन्मलेला ‘सोन्याचा चमचा’, गरीब घरातला ‘मातीचा चमचा’. २०१९ च्या ‘पॅरासाइट’ या चित्रपटात एक कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं. ते कपडे बदलतात, बोलणं बदलतात, पण श्रीमंत मालकाला त्यांचा वास येतोच. काही खुणा लपवता येत नाहीत, हे त्या चित्रपटाने नेमकं दाखवलं आहे.

खुणा फसवतात, आणि पुसताही येतात

कोल्हापूरकडे साधं धोतर नेसलेल्या आजोबांचा वीस एकर ऊस असू शकतो. चकचकीत गाडीतला तरुण दर महिन्याला कर्जाचे हप्ते मोजत असू शकतो.

तुमच्याच घराचा विचार करा. स्लाव किंवा हॅरोमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारं कुटुंब सुट्टीत साताऱ्याला गेलं की ‘लंडनवाले’ होतं. बॅगेतली चॉकलेटं बघून सगळे त्यांना श्रीमंत समजतात. कुटुंब एकच, शिड्या दोन.

आणि काही खुणा ठरवून पुसता येतात. ब्रिटनमध्ये शाळेत मोफत जेवण घेणारी मुलं पूर्वी रांगेत ओळखू यायची आणि काही मुलं लाजून जेवायचीच नाहीत. आता अनेक शाळांत सगळेच कार्ड किंवा बोटाचा ठसा वापरतात, त्यामुळे कुणाचं जेवण मोफत आहे हे कळत नाही. लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांत तर सप्टेंबर २०२३ पासून सगळ्याच मुलांना मोफत जेवण मिळतं. सगळ्यांना मिळालं की ती खूण उरतच नाही.

शब्दार्थ

खूण – ओळख पटवणारी गोष्ट
पाहणी – अनेकांना प्रश्न विचारून मिळवलेली माहिती
प्रमाण भाषा – शाळेत, पुस्तकांत वापरली जाणारी भाषा
बोली – एखाद्या भागातली रोजची बोलायची भाषा
आपुलकी – आपलेपणाची भावना
हप्ता – कर्जाची ठरावीक वेळी भरायची रक्कम

प्रश्न

१. ‘वर्ग’ या शब्दाचे या पाठात आलेले चार अर्थ सांगा.
२. रेशनकार्डाच्या रंगावरून काय कळायचं?
३. “ए, माझा डबा कुठे ठेवलास?” हे वाक्य ‘तुम्ही’ वापरून पुन्हा लिहा.
४. आई-बाबांना विचारा: ते लहान असताना त्यांच्या गावात श्रीमंत घर कशावरून ओळखायचे? पाच-सहा वाक्यं लिहा.
५. तुमच्या शाळेत कोणती खूण पुसायला हवी असं तुम्हाला वाटतं? का?