अडीचशे ग्रॅमचं गणित

ड्रोनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून सरसकट पाच टक्के झाला आणि ‘ड्रोन स्वस्त’ हे मथळे सगळ्यांनी वाचले. हौसेच्या ड्रोनला अठ्ठावीस, कॅमेरा बसवलेल्याला अठरा, हा आधीचा घोळ मिटला ते बरंच झालं. एक गोष्ट मात्र मथळ्यात मावली नाही. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन देशात आणायला ९ फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे. सुटे भाग आणता येतात, अख्खा ड्रोन नाही. आणि हौशी कॅमेरा ड्रोनच्या धंद्यात शेन्झेनच्या डीजेआय या चिनी कंपनीच्या जवळपास जाणारं कुणी नाही. ज्या मालावरचा कर उतरला, तो दुकानाच्या पुढच्या दारानं येतच नाही. मागच्या दारानं येतो त्याला ना बिल, ना वॉरंटी. बिलच नाही तिथे जीएसटी पाच टक्के काय नि पन्नास काय!

देशी कंपन्या आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. ‘थ्री इडियट्स’मध्ये होस्टेलच्या खिडकीबाहेर घिरट्या घालणारा तो चार पंख्यांचा ड्रोन आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेल्या आयडियाफोर्जचाच होता. पण ही कंपनी आज लष्कर, पोलीस आणि सर्वेक्षणवाल्यांसाठी ड्रोन बनवते, तुमच्या-आमच्या सहलीसाठी नाही. हौशी माणसाला बिलासकट मिळतात ते मुख्यतः बाहेरचे भाग आणून इथे जुळवलेले छोटे ड्रोन.

छोटे म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आतले. सगळी मेख या आकड्यात आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’. त्याला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो, त्याचं शुल्क शंभर रुपये. पण २५०च का? दोनशे का नाही, पाचशे का नाही?

२६ जानेवारी २०१५च्या पहाटे वॉशिंग्टनमध्ये एक हौशी ड्रोन थेट व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर येऊन आदळला. ओबामा तेव्हा आपल्याकडे, दिल्लीच्या राजपथावरच्या संचलनाचे पाहुणे. नुकसान काही झालं नाही, पण अमेरिकी सरकार खडबडून जागं झालं. त्याच वर्षी ड्रोनच्या नोंदणीसाठी एक कृतिगट बसला आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा अहवाल आला. नोंदणी कुठल्या वजनापासून सुरू करायची, हे ठरवायला त्यांनी जे गणित मांडलं ते अकरावीच्या मुलालाही सोडवता येईल. डोक्यावर ८० ज्यूल ऊर्जेनिशी वस्तू आदळली तर माणूस दगावण्याची शक्यता तीस टक्के, असं धरलं. उंचावरून पडणाऱ्या ड्रोनचा वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर धरला. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर आलं साधारण २५० ग्रॅम.

इथवर ठीक. पण हा आकडा पुरेसा सुरक्षित आहे, हे दाखवताना त्यांनी आणखी दोन गोष्टी गृहीत धरल्या, आणि माझं घोडं तिथे अडतं. लोकवस्ती चौरस मैलाला दहा हजार, म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे ३,९००. आणि त्यांतली वीसच टक्के माणसं उघड्यावर, बाकीची छपराखाली. आता मुंबई घ्या. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला वीस हजारांच्या पुढे होती. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर छपराखाली किती जण असतात, हे वेगळं सांगायला नको. त्या गर्दीवरून ड्रोन नेणारा ‘माझा तर २४९ ग्रॅमचाच आहे’ म्हणतो, तेव्हा ज्या हिशेबाचा तो आधार घेतो त्याची दोन्ही गृहीतकं त्याच्या पायाखालीच मोडलेली असतात. आपण २५०चा आकडा उचलला. त्यामागचा हिशेब इथल्या वस्तीसाठी पुन्हा कुणी मांडला असेल, तर तो लोकांसमोर यायला हवा.

कंपन्यांनी मात्र या रेषेचा पुरेपूर फायदा घेतला. डीजेआयचा मॅविक मिनी २०१९मध्ये आला, वजन २४९ ग्रॅम. जपानमध्ये तेव्हा मर्यादा दोनशेची होती, म्हणून तिथे १९९ ग्रॅमचा वेगळा काढला. जपाननं २०२२मध्ये मर्यादा शंभरावर आणून ती वाट बंद केली. नव्या मिनी ५ प्रोच्या वजनापुढे तर कंपनीच लिहिते: २४९.९, चार ग्रॅम इकडेतिकडे! म्हणजे डब्यातून निघालेला तुमचा ड्रोन नॅनो आहे की नाही, हे किराणा दुकानाच्या काट्यावर ठरणार. पंख्यांना जाळीचे गार्ड लावले, की तो रेषेपलीकडे गेलाच म्हणून समजा.

निवडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दोन-तीन हजारांत ‘फोर-के’ म्हणून मिळतं ते खेळणं आहे. जीपीएस नाही, कॅमेऱ्याला स्थिर ठेवणारं गिम्बल नाही. वाऱ्याची झुळूक आली की शेजारच्या सोसायटीत. पैसे मोजायचे ते तीन अक्षांच्या गिम्बलसाठी, जीपीएससाठी आणि सेन्सरच्या आकारासाठी. मेगापिक्सेलचा आकडा वाचूच नका.

हलकेपणाची खरी किंमत घाटमाथ्यावर कळते. या वजनाचे बरेच चांगले ड्रोन सेकंदाला १०.७ मीटरपर्यंतचा, म्हणजे ताशी ३८ किलोमीटरचा वारा सोसतात, असं कंपन्या सांगतात. पावसाळ्यात कड्यावर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. ड्रोन जाताना झगडतो आणि परतताना आपसूक येतो. दिवाळीनंतर वारा पूर्वेकडून वाहायला लागतो आणि सगळं उलटतं. ड्रोन कोकणाच्या दिशेनं सुर्रकन जातो, बॅटरी सत्तर टक्के दिसते, उडवणारा खूश. परतीला तोच वारा समोरून, त्यात कड्याच्या धारेखाली हवेचे खाली ओढणारे भोवरे. अशा वेळी निम्म्यावर मागे वळून भागत नाही, दोन तृतीयांश शिल्लक असतानाच वळावं लागतं.

स्क्रीनवरची उंचीही तिथे फसवते. ती उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, पायाखालच्या जमिनीपासून नव्हे. कोकणकड्यावरून ड्रोन सरळ समोर नेला, तर आकडा वीस मीटर दाखवतो आणि खाली शेकडो मीटर दरी असते. कायद्याची १२० मीटरची, म्हणजे ४०० फुटांची मर्यादा जमिनीपासून आहे. दरीवरचे किती ‘ड्रोन शॉट’ त्यात बसतात, हे ज्यानं-त्यानं ताडावं.

जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे थंडीत गडांवर ही घरघर वाढणार. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावरच्या नकाशात हिरवा रंग दिसला म्हणजे हवाई वाहतूक खात्याची हरकत नाही, एवढंच. रायगड, शिवनेरी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, परवानगी त्यांची हवी. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याची. पोलिसांचा बंदी आदेश असेल तर तो आणखी वेगळा. हे सगळं त्या एकाच नकाशावर, गडावर बोट ठेवताच दिसायला हवं. तोवर शनिवारी निघणाऱ्यानं निदान सोमवारीच संबंधित कार्यालयात फोन करावा, नाहीतर ड्रोन घरी ठेवावा.