अंतर्गृह प्रकाशयोजना, संगणकीय वास्तुचित्रणातील

नियोजित वास्तूच्या अंतर्भागाचे छायाचित्रासारखे वास्तव चित्र संगणकाच्या साहाय्याने तयार करताना त्यातील नैसर्गिक व कृत्रिम प्रकाशाची जी मांडणी व गणना करण्यात येते, तिला ही संज्ञा लावतात. वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यांवरून प्रथम खोलीचे त्रिमितीय प्रतिमान तयार करतात; भिंती, फरशी, लाकूड, काच, कापड इत्यादींचे रंग व परावर्तनगुण त्यात नोंदवितात; नंतर प्रकाशस्रोत व दृष्टिबिंदू निश्चित करून आज्ञावलीकडून चित्र घडवून घेतात. खोली बांधून होण्यापूर्वीच खिडक्यांचा आकार, भिंतींचा रंग व दिव्यांच्या जागा यांविषयीचे निर्णय अशा चित्रावरून घेतले जातात. त्यामुळे चित्र आकर्षक असणे पुरेसे नसून, त्यातील प्रकाश भावी खोलीतील प्रकाशाशी जुळणारा असणेही आवश्यक असते.

तत्त्व : उघड्यावरील दृश्यात बहुतेक प्रकाश सूर्य व आकाश यांपासून थेट येतो. खोलीत मात्र थेट प्रकाश थोड्याच भागावर पडतो. छत, कोपरे व खिडकीपासून दूरचा भाग हे मुख्यतः एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर होणाऱ्या परावर्तनांमुळे उजळतात. लहान दिव्यापासूनचे प्रदीपन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते आणि ते किरणांच्या आपाती कोनावरही अवलंबून असते. प्रकाशमापनाचे हे मूलभूत नियम योहान हाइन्रिख लांबेर्ट यांनी १७६० मध्ये आपल्या ग्रंथात पद्धतशीरपणे मांडले होते [⟶ प्रकाशमापन].

परस्पर परावर्तनाचा परिणाम किती मोठा असतो, हे बंद गोलाकार पोकळीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. आतील पृष्ठभाग सर्वत्र सारखा व विसरित परावर्तन करणारा असेल आणि त्याचा परावर्तन गुणांक ०.५ असेल, तर पृष्ठभागावर पडणारा एकूण प्रकाश थेट प्रकाशाच्या दुप्पट होतो, गुणांक ०.८ असल्यास पाचपट, तर ०.९ असल्यास दहापट होतो. चुन्याने रंगविलेल्या स्वच्छ पांढऱ्या भिंतीचा गुणांक सु. ०.८ असतो. चित्रकाराने तो ०.९ धरला, तर भिंतीच्या रंगात डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही, पण आदर्श पोकळीत प्रकाश दुप्पट होतो. खिडक्या व सामान यांमुळे खऱ्या खोलीत ही वाढ कमी असली, तरी चुकीची दिशा तीच राहते. परावर्तित प्रकाश पृष्ठभागाचा रंगही बरोबर नेतो. म्हणून लाल फरशीलगतच्या पांढऱ्या भिंतीवर तांबूस छटा दिसते.

विकास : आर्थर ॲपल यांनी १९६८ मध्ये दृष्टिकिरणांच्या साहाय्याने छाया दाखविण्याची रीत मांडली. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये किरणांचा मागोवा आरसे व काचा यांच्यापुढेही नेला. तथापि भिंतींमधील विसरित परावर्तनाऐवजी सर्वत्र एकच स्थिर मूल्य धरले जात असल्याने खोल्यांची चित्रे सपाट दिसत. १९८४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग व बटाइल यांनी उष्णतेच्या प्रारणाची अभियांत्रिकी गणनापद्धती प्रकाशाला लावली. पृष्ठभागाचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रकाश तीत समीकरणांनी काढतात. रंगीत भिंतींची साधी पेटी त्यांनी उदाहरणादाखल घेतली. तीच पुढे ‘कॉर्नेल पेटी’ या नावाने प्रसिद्ध झाली. याच विद्यापीठातील १९८६ च्या एका प्रयोगात प्रत्यक्ष पेटी व तिचे संगणकीय चित्र प्रेक्षकांना शेजारी-शेजारी दाखविले असता खरी पेटी कोणती, हे त्यांना खात्रीने ओळखता आले नाही.

त्याच वर्षी जेम्स कजिया यांनी प्रकाशाच्या सर्व परावर्तनांना सामावून घेणारे एक समीकरण मांडले आणि ते यादृच्छिक किरणमार्गांनी सोडविण्याची रीतही सुचविली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी विकसित केलेली ‘रेडिअन्स’ ही आज्ञावली प्रदीपनाच्या मोजमापासाठी विशेष उपयुक्त ठरली. एकविसाव्या शतकात बल्गेरियातील सोफिया येथे तयार झालेली ‘व्ही-रे’ आणि ‘ब्लेंडर’ या विनामूल्य आज्ञावलीत २०११ मध्ये समाविष्ट झालेली ‘सायकल्स’ यांमुळे हे तंत्र सामान्य व्यावसायिकांच्या आवाक्यात आले.

कार्यपद्धती : दिवसाच्या दृश्यासाठी स्थळाचे अक्षांश, तारीख, वेळ व खिडकीची दिशा देऊन सूर्याचे स्थान ठरवितात. डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्ही सूर्याची उंची लंडन येथे सु. १५°, तर मुंबईत सु. ४७.५° असते. दक्षिणाभिमुख खिडकीची वरची कड जमिनीपासून २.१ मी. उंच असल्यास ऊन लंडनच्या खोलीत जवळजवळ ८ मी. आत पोहोचते, पण मुंबईत २ मी.देखील पोहोचत नाही. म्हणून परदेशी नमुन्यातील सूर्यस्थान जसेच्या तसे घेतलेले चित्र कितीही मोहक असले, तरी येथील घरासाठी ते खोटे ठरते.

कृत्रिम दिव्यांचे मूल्य अंदाजाने न देता ल्यूमेनमध्ये द्यावे लागते. ६० वॉटच्या तापदीप्त दिव्याचा प्रकाशप्रवाह सु. ७०० ते ८०० ल्यूमेन, तर वर्णतापमान सु. २,७०० केल्विन असते. मध्यान्हीच्या प्रकाशाचे वर्णतापमान सु. ५,५०० ते ६,५०० केल्विन मानतात. दिव्याचा प्रकाश कोणत्या दिशेस किती जातो, याची उत्पादकांनी मोजलेली सारणीही आज्ञावलीस पुरविता येते. उघड्यावरील उन्हात प्रदीपन सु. १ लाख लक्स, तर दिव्यांनी उजळलेल्या खोलीत काही शे लक्स असते. म्हणून कॅमेऱ्याप्रमाणे येथेही उद्भासन दृश्यानुसार बदलावे लागते. पडद्याची तेजस्विता दिलेल्या संकेताच्या सरळ प्रमाणात नसते. त्यामुळे सर्व गणना सरळ प्रमाणातील मूल्यांवर करून दुरुस्ती अखेरीस करतात. तसे न केल्यास दिव्याजवळचा भाग भडक आणि कोपरे अकारण काळे दिसतात.

यादृच्छिक किरणांच्या पद्धतीत अपुऱ्या गणनेमुळे चित्र कणीदार दिसते. कणीदारपणा निम्मा करण्यासाठी किरणांची संख्या चौपट करावी लागते. लहान खिडकी असलेल्या खोलीत फार थोडे किरण आकाशापर्यंत पोहोचत असल्याने ही अडचण वाढते. म्हणून खिडकीची जागा आज्ञावलीस वेगळी दर्शवून किरण तिकडे वळवितात. शिकलेल्या नमुन्यांवरून कण पुसून टाकणाऱ्या आज्ञावल्याही वापरात आहेत. मात्र त्यांमुळे कापडाचा पोत किंवा बारीक छाया नाहीशी होण्याचा संभव असतो.

मर्यादा : अंधारा कोपरा उजळण्यासाठी चित्रात न दिसणारे दिवे ठेवणे, खिडकीबाहेरचा सूर्य मंद करणे किंवा भिंती वास्तवाहून अधिक पांढऱ्या धरणे, या युक्त्या सर्रास योजिल्या जातात. कल्पनाचित्र म्हणून त्या क्षम्य असल्या, तरी त्या चित्रावरून खिडकी लहान ठेवली किंवा दिवे कमी केले, तर राहणाऱ्यास प्रत्यक्षात काळोखी खोली मिळते. निर्दोष गणनेचे चित्रदेखील प्रकाश पुरेसा आहे की नाही, हे स्वतः सांगू शकत नाही. उद्भासन वाढवून ५० लक्सची खोली ५०० लक्सइतकीच उजळ दाखविता येते. यासाठी त्याच प्रतिमानावरून मेज, ओटा इ. कामाच्या जागांवरील लक्समूल्ये स्वतंत्रपणे काढून ती चित्रासोबत देणे, हा वास्तुचित्र व वास्तव यांचा मेळ तपासण्याचा विश्वसनीय मार्ग होय.